छायाहीनांचे स्तोम

ज्याची सावली पडत नाही तो पवित्र आणि ज्याची पडते तो मलिन, असा एक सिद्धांत अलीकडे आमच्या व्याख्यानमंडपांतून आणि कलाविषयक चर्चांतून फार ऐटीने मिरवू लागला आहे. त्याची मांडणी साधारणपणे अशी असते: सावली म्हणजे जडत्वाची खूण, तमोगुणाचा डाग, देव, सिद्ध, केवली हे तेजोमय, म्हणून त्यांना सावली नाही, आमच्या प्राचीन चित्रकारांना हे रहस्य ठाऊक होते, म्हणून अजिंठ्याच्या भिंतींवर कोणाची पडछाया सापडत नाही, पुढे राजा रविवर्मा आला, त्याने विलायती तैलरंगांच्या नादाने देवांच्या पायांशी काजळी फासली, आणि तेव्हापासून आमच्या कलेचा व कथेचा जो अधःपात सुरू झाला तो अद्याप थांबलेला नाही. हे ऐकून श्रोते माना डोलावतात. मानांबरोबर त्यांच्या सावल्याही मागच्या भिंतीवर डोलत असतात. तिकडे मात्र कोणी पाहात नाही.

आम्हां बडोदेकर मराठी माणसांना ह्या सिद्धांताचा समाचार घेणे भाग आहे. कारण त्यातील बहुतेक साक्षीदार आमच्याच गावचे रहिवासी आहेत. रविवर्म्याकडून पुराणकथांवरील चौदा चित्रे करवून घेण्याचा निर्णय १८८८ साली झाला तो श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या दरबारी. ती दोन वर्षांत पुरी झाली आणि बडोद्यास आली. त्याच्या विरुद्ध बाजूस उभे करावयाचे ते नंदलाल बोस. त्यांनी १९३९ ते १९४६ ह्या काळात कीर्तिमंदिराच्या चार भिंती रंगविल्या, त्याही आमच्याच गावात. रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ ह्या काळात सात कांडांनी प्रसिद्ध झाली ती येथील प्राच्यविद्यामंदिराकडून. आणि ज्या नलकथेच्या आधारावर हा सगळा डोलारा उभारला जातो, ती गुजरातीत घराघरांत पोचविणारा प्रेमानंद भट्ट हा तर बडोद्याचाच. तांब्याच्या माणीवर अंगठ्या घातलेल्या बोटांनी ताल धरून तो आख्याने गाई. उदरनिर्वाहासाठी त्याने नंदुरबारासही बराच काळ काढला. तेव्हा साक्षी आमच्या, आणि त्यांच्या तोंडी घातलेली जबानी भलतीच, हे आम्ही मुकाट्याने का ऐकून घ्यावे?

प्रथम मूळ कथाच पाहू. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलोपाख्यान सांगतो. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार लोकपाल येतात. तिचे मन नलावर जडले आहे हे कळल्यावर चौघेही नलाचेच रूप घेऊन त्याच्या शेजारी बसतात. पाच नल! दमयंती देवांनाच शरण जाऊन विनवते की, आपापली चिन्हे प्रकट करा. ती प्रकट होतात. देवांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा टवटवीत आहेत, अंगावर धूळ नाही, पाय भुईला टेकलेले नाहीत. आणि नल? त्याची माळ कोमेजलेली, अंगावर धूळ व घाम, पाय जमिनीवर, पापण्या लवणाऱ्या, आणि तो ‘छायाद्वितीय’.

ह्या एका शब्दापाशी वाचकाने थांबावे असे आम्हांस वाटते. देवांच्या चिन्हांची यादी देताना कवीने त्यांना सावली नव्हती असे म्हटलेले नाही. घाम नाही, धूळ नाही, भूमिस्पर्श नाही हे सारे तो सांगतो. सावलीचा उल्लेख येतो तो नलाच्या वर्णनात, आणि तोही उणिवेच्या भाषेत येत नाही. छाया जिच्या रूपाने दुसरी सोबत आहे असा तो, हा त्या शब्दाचा अर्थ. देव चार होते तरी प्रत्येक जण एकटा होता. नल एकटा होता तरी त्याला दुसरे कोणी होते. देवांना सावली नसते हा निष्कर्ष आपण काढतो, आणि तो चुकीचा आहे असेही आम्ही म्हणत नाही. पण ‘सावली हा डाग’ हा अर्थ ज्याने ह्या श्लोकातून पिळून काढला त्याने संस्कृत वाचले असेल, कथा वाचलेली नाही. कारण वरमाला कोणाच्या गळ्यात पडली? चार निष्कलंक लोकपालांना ओलांडून ती धुळीने माखलेल्या, घामेजलेल्या, सावलीवाल्या माणसाच्या गळ्यात पडली. आणि देवांनी रागावून शाप दिला काय? त्यांनी प्रत्येकी दोन दोन वर दिले. देवांना जे मान्य झाले ते देवांच्या ह्या वकिलांना मान्य नाही!

जाता जाता आणखी एक गंमत. त्या चौघांत यम होता. हा यम विवस्वान सूर्याचा मुलगा. त्याची आई संज्ञा सूर्याचे तेज न सोसून निघून गेली तेव्हा तिने आपल्या जागी घरात ठेवली ती आपली छाया. तिलाच यमाने लहानपणी आई म्हटले. म्हणजे सावलीच्या हातचे जेवून मोठा झालेला देव स्वयंवरात बिनसावलीचा बसला होता. पुराणकारांना विनोदबुद्धी नव्हती असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा टिपून ठेवावा.

आता ह्या चिन्हांच्या यादीकडे दुसऱ्या अंगाने पाहू. पापणी लवत नाही, पाय भुईला लागत नाहीत, सावली पडत नाही. ही यादी वाचून आमच्या कोकणातील कोणत्याही आजीला इंद्र आठवणार नाही. तिला तिठ्यावरचे भूत आठवेल. रात्री वाटेत कोणी अनोळखी भेटला तर आधी त्याचे पाय पाहावे, मग कंदिलाच्या उजेडात सावली पाहावी, ही तिने नातवंडांना दिलेली शिकवण. दमयंतीने जी कसोटी देव ओळखण्यासाठी लावली तीच आजीने भूत ओळखण्यासाठी लावली, आणि दोघींचाही हेतू एकच होता: ह्यांतला माणूस कोणता ते कळावे. तेव्हा जे लक्षण इंद्राला आणि हडळीला समान आहे त्याला पावित्र्याचा पुरावा कसे मानावे, हे सिद्धांतवाल्यांनी एकदा समजावून द्यावे. छायाहीनता एवढेच सांगते की समोरचा इथला नाही. तो वरचा की खालचा, हे ती सांगत नाही.

युरोपातील कथांनीही हाच धडा आपापल्या परीने गिरवला आहे. शामिसो ह्या जर्मन लेखकाच्या १८१४ सालच्या कथेतील पेटर श्लेमील आपली सावली कधीही न आटणाऱ्या थैलीच्या मोबदल्यात विकतो आणि मग भर दुपारी रस्त्याने चालण्याची त्याला सोय उरत नाही. पोरेटोरेसुद्धा त्याला हटकतात. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतील ड्रॅक्युलाला सावलीही नाही आणि आरशात प्रतिबिंबही नाही. रिखार्ड श्ट्राऊस ह्याच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेत तर परलोकीच्या राजकन्येला सावली नाही म्हणून मूल नाही. सावली न मिळाल्यास तिच्या पतीचा दगड होणार आहे. आणि एका गरीब रंगाऱ्याच्या बायकोची सावली हिरावून घेण्याचा प्रसंग आला असता ती नकार देते. आमच्याकडील भुते सावलीवाचून फिरतात ती ड्रॅक्युलाची उसनवारी, असे म्हणणारे काही नवविद्वान आहेत. त्यांच्यासाठी एवढेच पुरे की नलोपाख्यान ड्रॅक्युलाच्या कित्येक शतके आधीचे आहे.

रामायणाकडे वळू. सुंदरकांडाच्या पहिल्याच सर्गात हनुमान समुद्रावरून झेपावतो तेव्हा त्याची सावली पाण्यावर पडते. कवीने ती मोजून दिली आहे: दहा योजने रुंद आणि तीस योजने लांब, आणि ती पाण्यावर अधिकच सुंदर दिसत होती, असे तो सांगतो. वायुपुत्र, चिरंजीव, रामभक्तांचा मुकुटमणी; त्याला सावली आहे, आणि ती लपविण्याऐवजी वाल्मीकी तिचे कौतुक करतो. पुढे सिंहिका राक्षसी ह्याच सावलीला धरून त्याला खाली ओढते. ‘पाहा, सावली हीच मारुतीची दुर्बळता ठरली!’ असे कोणी म्हणेल. ठरली खरी. पण त्या राक्षसीला गिळण्यासाठी सावलीच हवी होती, हेही लक्षात घ्यावे. दुसऱ्याची सावली पकडून त्याला खाली खेचणारे लोक ह्या देशात सिंहिकेबरोबर संपले नाहीत. त्यांच्याकडे आम्ही थोड्या वेळाने येणारच आहो.

चित्रकलेविषयीचा मुद्दा वरवर पाहता बळकट वाटतो आणि म्हणून तो अधिक फसवा आहे. अजिंठ्यास किंवा आमच्या लघुचित्रांत पडछाया नाही, हे खरे. पण ती कोणाला नाही? बुद्धाला नाही, तशी त्याच्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या दासीलाही नाही; राजाला नाही, हत्तीला नाही, हत्तीच्या पायांशी चालणाऱ्या माहुतालाही नाही. कीर्तिमंदिरात जाऊन पाहावे: एका भिंतीवर गंगावतरण आहे, एका भिंतीवर मीराबाई, एका भिंतीवर नटीर पूजा आणि एका भिंतीवर महाभारताचे युद्ध. नंदबाबूंची रेषा शंकरापाशी जी वागते तीच अभिमन्यूपाशी वागते. देव आणि मर्त्य ह्यांत सावलीवरून भेद करावा असे ह्या परंपरेने ठरविले असते, तर तिने मर्त्यांना सावल्या दिल्या असत्या. तिने तसे केले नाही, कारण दिवसाच्या कोणत्या प्रहरी ऊन कोठून येते हा तिचा प्रश्नच नव्हता. ती रेषेने आणि रंगाने बोलत होती. एका लेखनपद्धतीला तत्त्वज्ञान समजणे हा आळशीपणा आहे.

रविवर्म्याच्या वतीने आम्ही फार भांडणार नाही. हॅवेल आणि कुमारस्वामी यांनी त्याच्या देवांवर घेतलेले आक्षेप, की ते रंगमंचावरील पात्रांसारखे दिसतात, अगदीच निराधार नव्हते. त्याच्या कित्येक देवी भरजरी लुगडी नेसून छायाचित्रकारासमोर उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. पण एवढे म्हणू की १८९४ साली त्याने छापखाना काढला आणि त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे ज्या घरांच्या भिंतींवर गेली, त्यांतील पुष्कळ घरांतील माणसांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्या घरांत चिमणीच्या उजेडात देवीची तसबीर आणि भाकरी थापणाऱ्या बाईची सावली एकाच भिंतीवर शेजारी शेजारी राहिल्या. काजळी फासली, म्हणता? ती चुलीची होती.

भाषेचा कौल काय आहे तेही विचारू. मराठीत ‘सावली’ हा शब्द दोन कामे करतो: उन्हात माणसाची पडते तीही सावली आणि वडाखाली वाटसरूला मिळते तीही सावली. कोंकणीत ‘सावळी’ म्हटले की तोच दुहेरी अर्थ. थोरांची छत्रछाया, आईची सावली, पाठीशी सावलीसारखा उभा राहिलेला भाऊ: ह्या सगळ्यांत सावली म्हणजे आश्रय. अशुभ अर्थ सांगायचा झाला तर भाषेने ‘सावट’ हा वेगळा शब्द घडवून घेतला आणि सावलीला त्या कलंकातून सोडविले. ज्याला स्वतःची सावली नाही तो दुसऱ्याला सावली देणार कोठून, असा प्रश्न एखाद्या शेतकऱ्याने सिद्धांतवाल्यांस विचारला तर ते काय उत्तर देणार आहेत? आमच्या गावाचे तर नावच वडावरून पडले. जुन्या ताम्रपटांतील वटपद्रकाचे पुढे वडोदरे, बडोदे झाले. सावली हा ज्या गावाच्या नावाचा अर्थ, त्या गावात सावलीची निंदा व्हावी!

जैनमताचा दाखला मात्र आम्ही आदराने ऐकतो. दिगंबर परंपरेत केवलज्ञान प्राप्त झालेल्या तीर्थंकराच्या अतिशयांत सावली न पडणे आणि पापण्या न लवणे यांची गणना आहे, हे खरे. पण तीच परंपरा सांगते की समवसरणात तीर्थंकर बसतो तो अशोकवृक्षाखाली, आणि त्या सभेत देव, माणसे आणि पशू अशा सर्वांना जागा असते. ज्याची सावली संपली त्याच्याही मस्तकावर झाडाची सावली धरली आहे, आणि ती ऐकायला आलेल्या हरिणावरही पडते. ह्या प्रतिमेतून दुसऱ्याच्या सावलीचा तिरस्कार कसा निघतो?

आणि आमच्या कोकण-गोव्याच्या ग्रामदेवतांना तर हा सोवळा सिद्धांत मुळीच मानवणारा नाही. वेताळाला कातडी वहाणा वाहतात. तो रात्रभर गावाच्या सीमा फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी लोकांची श्रद्धा. महाभारतातील लोकपालांचे पाय भुईला लागत नव्हते. आमच्या वेताळाच्या वहाणांचे तळवे झिजतात. त्याला धूळ लागते. आणि त्या वहाणा शिवतो कोण? ज्याची सावली अंगावर पडू नये म्हणून गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, तो. देवाला त्याच्या हातची वहाण चालते, आणि गावाला त्याची सावली चालत नाही! दशावताराच्या खेळात इंद्र येतो तेव्हा बत्तीच्या उजेडात मागच्या पडद्यावर त्याची सावली केवढी थोरली पडते, हे पेडण्यापासून मालवणापर्यंत प्रत्येक पोराने पाहिलेले आहे. त्यामुळे कोणाची भक्ती पातळ झाल्याचे ऐकिवात नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. हा वाद चित्रांचा किंवा पुराणांचा असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. सावली मलिन आहे ह्या कल्पनेने ह्या महाराष्ट्रात माणसे चिरडली आहेत. पेशवाईत अस्पृश्याची सावली सवर्णावर पडू नये म्हणून त्याला सार्वजनिक रस्त्याने मोकळेपणी चालता येत नसे, डॉ. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ ह्या १९३६ सालच्या प्रबंधात हे सांगितले आहे. ऊन कलले की सावल्या लांबतात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ तो माणूस आपल्या देहाहून कितीतरी मोठा अपराधी ठरत असे! आणि गंमत अशी की सावली सर्वांचीच काळी असते. ब्राह्मणाची सावली चांभारावर पडली तर चांभार बाटतो, असे कोणत्या धर्मशास्त्राने म्हटले? तेव्हा प्रश्न कधी सावलीचा नव्हताच. कोणाच्या सावलीला किती जागा द्यावयाची, हा होता. एका टोकाला ज्याला सावलीच नाही असा परमपवित्र, दुसऱ्या टोकाला ज्याची सावलीसुद्धा विटाळ असा परमअपवित्र, आणि मधल्या पायऱ्यांवर आपण सगळे. ही एकाच शिडीची दोन टोके आहेत. वरच्या टोकाची आरती करीत खालच्या टोकाशी आपला संबंध नाही असे म्हणता येत नाही. आमचे सिद्धांतवाले सज्जन आहेत. आपल्या मनात तसे काही नाही, असे ते शपथेवर सांगतील. मनात नसेल, मापात आहे.

हे माप आमच्या बडोद्यात कसे वापरले गेले, ते सर्वांस ठाऊक असूनही उत्सवाच्या दिवशी कोणी बोलत नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले. गावात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते पारशी नाव सांगून राहिले. त्या ओसाड माडीवरच्या दिवसांचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे: विजेचा दिवा नाही, वटवाघळे फिरत आहेत, आणि रखवालदाराने आणून दिलेल्या लहानशा कंदिलाशी हा विद्वान वाचीत बसला आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव जिन्यावर आला. एक हिंदू स्नेही, एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपल्या घरी ठेवून घेण्याचे टाळले. मग ते कामाठीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेले. सयाजीबागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. वडाच्या नावाने वसलेल्या नगराने त्या दिवशी त्यांना जी सावली दिली ती बागेतील झाडांची, घरांची नाही.

येथे सयाजीरावांचे चरित्रकार अडखळतात. आम्ही त्यांच्या अडखळण्याला ह्या वादातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट समजतो. नाशिक जिल्ह्यातील कौळाण्याच्या शेतकरी घरातून बारा वर्षांचा मुलगा दत्तक येतो, राजा होतो, १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करतो, १९०६ साली तो साऱ्या राज्यास लागू करतो, ग्रंथालये उघडतो, प्राच्यग्रंथमाला काढतो. हे सर्व खरे, आणि त्याचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाही. पण ह्याच राजाच्या राजधानीत, त्याच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाला निवारा मिळाला नाही, हेही खरे. चरित्रकार पहिले चारशे पानांत लिहितात आणि दुसरे एका वाक्यात, तेही कर्मणी प्रयोगात, म्हणजे कर्ता कोण ते विचारण्याची सोय राहू नये. परिणाम काय होतो? सयाजीराव छायाहीन होतात. त्यांना घाम येत नाही, त्यांची माळ कोमेजत नाही, त्यांचे पाय बडोद्याच्या धुळीला लागत नाहीत. ज्या राजाने प्रजेच्या हट्टाशी, अधिकाऱ्यांच्या दिरंगाईशी, आपल्या स्वतःच्या सत्तेच्या मर्यादांशी आयुष्यभर झगडा केला, त्याचा झगडाच पुसून टाकल्यावर उरते काय? चौथऱ्यावरचा पुतळा. आणि त्या पुतळ्याचीसुद्धा, बापडा, दुपारी चार वाजता सावली पडतेच.

मराठीत गेली कित्येक वर्षे जे चरित्रात्मक कादंबऱ्यांचे पीक आले आहे त्यातील बऱ्याचशा नायकांना हाच रोग आहे. नायकाने चूक केली की ती त्याच्या कारभाऱ्याच्या नावावर, संताप आला की तो धर्मासाठी, मोह झाला की ती नियती. आणि ह्या निर्जंतुक नायकांवर कोणी बोट ठेवले की पुस्तके जाळण्याची भाषा निघते. आम्ही विचारतो, ह्या कादंबऱ्या वाचून एखाद्या तरुणाला आपल्यासारखेच कोणी तरी थोर झाले, असे वाटते काय? की थोर होण्यासाठी आधी माणूस असणे बंद करावे लागते, असे वाटते?

बडोदे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या दहा तारखेच्या आसपास, भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी नाहीशी होते. मुंबईत हे मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस घडते. दिल्लीत कधीच नाही. जुलैत बहुधा ढग असतात, पण जूनमध्ये सिद्धांतवाल्यांनी मांडवी दरवाज्यापाशी अवश्य उभे राहावे. त्या मिनिटाला तेथील भाजीवाली, सायकलवाला, उकिरड्यावरचे कुत्रे, सगळेच लोकपाल झालेले आढळतील. घाम मात्र सर्वांना येत असेल.

एक आक्षेप उरतो आणि तो खरा वजनदार आहे. ‘तुमच्या त्या सावलीवाल्या नलाने पुढे काय दिवे लावले?’ असे आम्हांस विचारण्यात येते. द्यूतात राज्य घालविले, एकवस्त्रा पत्नीला रानात निजलेली सोडून तो निघून गेला. इंद्राला वरले असते तर दमयंतीवर हा प्रसंग आला नसता! खरे आहे, आला नसता. कथाही झाली नसती. इंद्राची पत्नी होऊन न कोमेजणाऱ्या माळा पाहात बसलेल्या दमयंतीविषयी व्यासाला किंवा श्रीहर्षाला, रघुनाथ पंडिताला किंवा प्रेमानंदाला सांगण्यासारखे काय असणार होते? नलाचा अपराध आम्ही झाकीत नाही, आणि महाभारतही झाकीत नाही. कली त्याच्यात शिरला होता ही सबब कथेने दिली आहे. पण दमयंतीने पर्णादाच्या तोंडी गावोगाव जो सवाल फिरविला त्यात कलीचे नाव नाही. तो सरळ वस्त्र फाडून नेणाऱ्या पतीला उद्देशून आहे.

आणि त्या कथेचा शेवट आमच्या विरोधकांनी नीट वाचावा. नल विद्रूप होऊन, बाहुक ह्या नावाने, ऋतुपर्णाचा सारथी व आचारी म्हणून विदर्भात येतो. दमयंती केशिनी ह्या दासीला त्याच्यावर नजर ठेवावयास सांगते. केशिनी येऊन चमत्कार सांगते: बुटके दार त्याच्यासाठी आपोआप उंच होते, रिकाम्या घड्यांत त्याच्या दृष्टीने पाणी भरते, गवताची मूठ आपसूक पेटते, चुरगळलेली फुले त्याच्या हातात अधिकच टवटवीत होतात. हे सगळे त्या स्वयंवरातील लोकपालांचे वर. न कोमेजणाऱ्या माळेची आठवण करून देणारी फुलेसुद्धा त्यात आली. दमयंतीला ही देवचिन्हे पुरली नाहीत. तिने केशिनीला पुन्हा पाठविले आणि त्याने शिजवलेल्या मांसाचा तुकडा मागविला. तो तिने चाखला. मग आपली दोन्ही मुले दासीबरोबर त्याच्याकडे धाडली. त्याने ती मांडीवर घेतली, आणि तो मोठ्याने रडला.